दिवाळीनंतरची वजाबाकी

भिवंडी
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय विद्युल्लता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवलंस तरी चालेल, फक्त फाडू नकोस. कामाचं आहे. तुझ्या नव्या घराचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून वज्रेश्वरीच्या तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. फोनवरून तुझ्यापर्यंत काही पोचत नाही. मेसेजला एकच खूण येते आणि तिथेच थांबते. जुलैपासून.

काम म्हणजे आपला कांड्यांचा खेळ. यंदा दुसरीत चौदा मुलं आहेत. जूनपासून दिवाळीपर्यंत मी नेहमीसारखा खेळ घेतला. तू व्हरांड्यात ऑइलपेंटने आखलेली तिन्ही घरं, सुट्यांचं, जुडीचं आणि शंभराचं, अजून तशीच आहेत, फक्त शंभराच्या घराचा एक कोपरा गुणाबाईच्या खिचडीच्या पातेल्याने खरवडलाय. मागच्या कारखान्यातून लूमच्या रिकाम्या कांड्या आणि टाकाऊ सूत अजून मिळतं. बाकी सगळं तू बसवलंस तसंच चाललंय ना, ते तूच बघ. फासा टाकायचा, पडतील तेवढ्या कांड्या सुट्या घरात ठेवायच्या. तिथे नऊपेक्षा जास्त जणींनी राहायचं नाही. दहावी आली की "घर भरलं!" असा गलका होतो. मग दहाजणींना सुताने बांधून जुडी करायची आणि शेजारच्या दारावर टकटक.

"कोण आहे?"

"आम्ही दहाजणी."

"दहाजणी नाही. या घरात एक म्हणून यायचं."

"बरं. आम्ही एक."

मितेश "आम्ही एक" म्हणताना छाती फुगवतो. त्याला वाटतं दहा म्हणण्यापेक्षा हे मोठं आहे. त्याचं चुकत नाही.

आता दिवाळी झाली आणि वजाबाकी आली. नऊ वर्षं दिवाळीनंतरचं गणित तू घेतलंस, कारण त्या दिवसांत माझ्याकडे ऑनलाइन माहिती भरायची कामं असायची. मी शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून तुमचा दंगा ऐकायचे. तुम्ही मोठमोठ्याने आकडे म्हणायचात, मधेच हशा पिकायचा. तिकडे नेमकं काय चाललंय ते मी एकदाही उठून बघितलं नाही. जुडी सोडावी लागते एवढं मला कळतं, ते पुस्तकातही आहे. पण तुझ्याकडे बत्तीसातून सात काढताना मुलं हसायची आणि माझ्याकडे ती रडवेली होतात. तू काय करायचीस ते चार ओळींत लिहून पाठव.

घाई अशासाठी की तालुक्याच्या स्पर्धेत खेळ निवडला गेलाय आणि १९ डिसेंबरला जिल्ह्याची समिती खेळ बघायला शाळेत येतेय. आपले केंद्रप्रमुख सुधीर सर म्हणाले, "मॅडम, बेरीज सगळेच दाखवतात. तुम्ही वजाबाकी दाखवा."

त्या स्पर्धेबद्दल तुझ्या मनात काही असेल तर एवढंच सांगते, फॉर्मवर शिक्षकाच्या नावाचा एकच रकाना होता.

इकडे ठीक आहे. आई गेल्यापासून रविवारी काय रांधायचं हा प्रश्न उरलेला नाही. वाटीभर डाळ लावली तरी सोमवारला पुरते.

तुझी
निवेदिताताई


भिवंडी
२३ नोव्हेंबर, रविवार

विद्युल्लता,

पंधरा दिवस झाले. पत्राला इथून वज्रेश्वरीला जायला किती दिवस लागतात मला माहीत नाही. एसटी तासा-सव्वातासात जाते.

सोमवारी मी वजाबाकी घेतली. बत्तीस, म्हणजे तीन जुड्या आणि दोन सुट्या. खेळात दारी मागायला आलेल्या पाहुणीला सात द्यायच्या होत्या. सुट्या घरात दोनच होत्या, म्हणून मृणाली जुडीच्या घरी गेली आणि म्हणाली, "एक जुडी सोडा." इथवर छान झालं. पुढे जुडी सुटेना.

मृणाली तुला आठवेल. पहिलीत वर्षभर तोंड न उघडता खिडकीशी बसायची ती. तिची आई वैशाली शाळेच्या मागच्या कारखान्यात तुटलेले धागे जोडते. यंदा बेरजेच्या खेळात या मुलीला वाचा फुटली, कारण वर्गात तिच्यासारखी गाठ कोणालाच येत नाही. आईचं बघून शिकलीय. बारीक, आखूड शेपटीची गाठ. कारखान्यात ती गाठ मागाच्या फणीतून न अडकता निघून जावी लागते आणि मग कधी सुटता कामा नये. तर सगळ्या वर्गाच्या जुड्या तीच बांधायला लागली. "मना दे, मी मारते गाठ." आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचे, शाब्बास, घट्ट बांध, आणखी घट्ट. जुडी सुटून कांड्या सांडल्या की पुन्हा मोजाव्या लागायच्या, मला त्याचा कंटाळा. वैशाली एकदा फाटकाशी म्हणाली होती, "मॅडम, माझी गाठ कधी फणीत अडकली नाय. पोरीची पन बघा." मीही कौतुकाने बघत राहिले. चार महिने मी चौदा मुलांना न सुटणाऱ्या गाठी मारायला शिकवलं आणि माझ्या एकदाही लक्षात आलं नाही की दिवाळीनंतर त्या सोडायच्या आहेत.

नखांनी झालं, कर्कटकाच्या टोकाने झालं. मितेशने दात लावला तर त्याचा हलणारा दात गाठीतच राहिला. त्यावर वर्ग इतका खूश झाला की वजाबाकी बाजूला पडली आणि सगळे दात बघायला धावले. गुणाबाई पातेलं घासता घासता म्हणाली, "काय गो मॅडम, पोरांना दातांनी सूत तोडाय शिकवता? मंग सरळ कारखान्यातच घाला ना."

मी हसायला हवं होतं. त्याऐवजी मी टेबलाच्या खणातून कात्री काढली. मृणालीने जुडी पोटाशी धरली. "मॅडम, नको कापू. मी मारलीय."

मी तिच्या हातातून घेतली आणि कापली. चौदाजणांसमोर. दहा कांड्या सुट्या केल्या, सात पाहुणीला दिल्या, पाच राहिल्या, फळ्यावर पंचवीस लिहिलं. उत्तर बरोबर होतं. मृणाली तेव्हापासून बोललेली नाही. खिडकीशी जाऊन बसते. हजेरीला हात वर करते.

रकान्याचं खरं सांगते. दोन होते. पहिला 'सादरकर्ता शिक्षक' आणि त्याच्या खाली 'सहकारी शिक्षक'. दुसऱ्यात मी आडवी रेघ मारली. जूनचा महिना होता, तुझ्या बदलीला तीन आठवडे झाले होते आणि मी रागावलेली होते. नऊ वर्षं एका रिक्षात बसून अंजूर फाट्यापर्यंत येणाऱ्या बाईला बदली मागायची असते आणि ते मला यादीतून कळतं. तू मला सांगितलं असतंस तर मी ती रेघ मारली नसती.

निकाल लागला तेव्हा तालुक्याच्या ग्रुपवर त्रेसष्ट जणांनी अभिनंदन केलं. त्यात तुझंही होतं. "अभिनंदन, मॅडम." नऊ वर्षं मी तुझी ताई होते. ते 'मॅडम' वाचून मी फोन उलटा ठेवला. मग तुला लिहायला घेतलं, तर एकच खूण.

निवेदिता


भिवंडी
७ डिसेंबर

विद्युल्लता,

तुझं उत्तर आलं नाही. पण तुझा नियम मला कळला.

चौथीतली तनया, दोन वेण्यांची, सगळ्यांच्या मधे बोलणारी. तिने खिडकीतून आमची कापाकापी बघितली होती. आता माझा वर्ग सुटला की दारात येऊन उभी राहायची आणि काही न बोलता निघून जायची. शेवटी गुरुवारी मीच तिला आत बोलावलं. तुला लाज वाटली नसती, मला वाटली. आपल्याच शाळेतल्या नऊ वर्षांच्या पोरीला विचारायचं की तुमच्या मॅडम काय करायच्या.

तिने आधी मला नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "धाकट्या मॅडम कापायच्या न्हाय."

"मग?"

"ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. दात न्हाय, कातर न्हाय. आनि बाकीच्यांनी मोठ्यांदा आकडे म्हनायचे. जुडी सुटली की थांबायचं. ज्या आकड्याला सुटली तो दारामागं लिवायचा. माझा सगळ्यात कमी होता, नऊ. त्यानं बांधली आनि त्यालाच सोडाय लागली की दुसऱ्या दिवशी तो गाठ बरोबर मारतो, मॅडम. सांगाय लागत न्हाय."

म्हणजे तो दंगा हा होता. आणि दारामागचे ते पेन्सिलीचे आकडे. ऑगस्टमध्ये वर्ग रंगवून घेताना मी पेंटरला म्हटलं होतं, हे गिरगोटे आधी पुसा.

तनया गेल्यावर मी वर्गात बसून राहिले. शाळा रिकामी होती. मागच्या कारखान्याचा आवाज चालू होता, तो तर आपल्याला ऐकूही येत नाही आता. मी एक जुडी घेतली, मृणालीच्या हातची, आणि नखाने सोडवायला लागले. मी बांधलेली नव्हती, तेव्हा नियमात बसत नव्हतं. सुटलीही नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तू मला बदलीचं सांगितलं नाहीस. तू सांगितलं होतंस. फेब्रुवारीत, रिक्षा अंजूर फाट्याला वळत होती. तू म्हणालीस, "ताई, आक्कांना आता एकटं ठेवता येत नाही. डाव्या बाजूने काहीच हलत नाही. मी वज्रेश्वरीकडे मागणार आहे." आणि मी म्हटलं, "पोषण आहाराचा तांदूळ संपत आलाय, आठवण कर मला." तू माझ्याकडे बघितलंस. मी बाहेर बघत होते. पुढे दोनदा तू विषय काढलास आणि दोन्ही वेळा मी काहीतरी काम काढलं. मला वाटत होतं मी ऐकलं नाही तर ते होणार नाही. मग मे महिन्यात यादी आली तेव्हा मी गुणाबाईला सांगितलं, बघ, न सांगता चालली. नव्या पंढरी सरांनाही तेच सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. तुला लिहितानासुद्धा खरंच वाटत होतं.

माझी आई गेली तेव्हा तू तेरा दिवस दोन डबे आणलेस. शाळा करून, घर करून. तुझी सासू अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिला बघायलाही आले नाही. जांभळाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायच्या त्या आक्का, मला "मास्तरीण" म्हणायच्या.

समितीला बारा दिवस राहिलेत. शुक्रवारी मी वर्गाला नवा नियम सांगितला. मृणालीकडे बघून सांगितला नाही, सगळ्यांना सांगितला. तिने ऐकलं. त्या दिवशीच्या जुड्या तिने बांधल्या नाहीत, कोणालाही बांधू दिल्या. पण जुन्या बारा जुड्या कपाटात आहेत आणि त्या सगळ्या तिच्याच आहेत.

निवेदिता


भिवंडी
२० डिसेंबर, शनिवार

विद्युल्लता,

काल समिती येऊन गेली. तुला सगळं क्रमाने सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. पंढरी सर चांगले आहेत, पण त्यांना कल्याणची गाडी पकडायची असते.

समितीतले दोघं होते, एक वयस्कर गृहस्थ आणि एक तरुण बाई, हातात वही. सुधीर सर पांढऱ्या शर्टात. गुणाबाईने व्हरांडा सारवल्यासारखा पुसला होता. मी सकाळीच नव्या, सैल जुड्या बाहेर काढून ठेवल्या होत्या. हो, मी मुलांना सैल बांधायला लावल्या होत्या, मुद्दाम, आदल्या दिवशी. खेळ झटपट व्हावा म्हणून. पण बत्तीस मांडायची वेळ आली तेव्हा मृणाली उठली, कपाटाकडे गेली आणि जुन्यातल्या तीन घेऊन आली. मी मान हलवून नको म्हटलं. तिने बघितलं नाही किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. माझ्याकडून शिकली असेल.

पाहुणीने सात मागितल्या. मितेश सुट्या घरात होता. तो दारावर गेला. "एक जुडी सोडा."

"कोणी बांधली?" जुडीच्या घरातल्या मुलीने विचारलं. मृणालीने हात वर केला आणि मांडी घालून बसली. बाकीच्यांनी सुरू केलं, एक, दोन, तीन.

तीसपर्यंत समितीची बाई हसत होती. पन्नासला वयस्कर गृहस्थांनी घड्याळ बघितलं. सत्तरीत सुधीर सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, दुसरी जुडी घ्या ना." माझ्या पर्समध्ये छोटी कात्री होती. मी पर्स पंढरी सरांकडे दिली आणि म्हटलं, जरा धरता का. मृणालीचं डोकं खाली, अंगठ्याचं नख गाठीत, नखाशी रक्त आलंय का ते मला दिसत नव्हतं. नव्व्याण्णव. शंभर. आणि मुलं थांबली, कारण दुसरीला पुढे येत नाही.

मितेश म्हणाला, "परत एकपासून!"

परत एकपासून झालं. दुसऱ्या फेरीच्या एकेचाळीसला गाठ सुटली. दहाच्या दहा कांड्या फरशीवर सांडून गडगडत पार शंभराच्या घरापर्यंत गेल्या. मुलांनी असा आरडाओरडा केला की चौथीचा वर्ग बाहेर आला. मृणाली उठून उभी राहिली आणि म्हणाली, "एकशे एकेचाळीस." महिन्याभराने तिचा आवाज ऐकला. एवढंच नाही, एकशे एकेचाळीस तिला मी शिकवलेलं नाही. शंभर संपल्यावर ती मनात पुढेच जात होती.

वयस्कर गृहस्थ खूश झाले. म्हणाले, "हा बांधणाऱ्यानेच सोडायचा नियम फार छान आहे. तुम्हाला कसा सुचला?"

मला आवडलं असतं की मी लगेच तुझं नाव घेतलं असं तुला लिहिता यावं. मी म्हटलं, "अनुभवातून." तेच म्हटलं. आणि चौथीच्या घोळक्यातून तनया ओरडली, "तो धाकट्या मॅडमचा हाय!"

सुधीर सर म्हणाले, "गप गं."

मी म्हटलं, "सर, ती खरं बोलतेय." आणि मग बोलले. खेळ तुझा आहे, घरं तू आखलीस, 'एक म्हणून यायचं' हे तुझं, सोडायचा नियम तुझा. मला तो परवापर्यंत माहीतही नव्हता. फॉर्मवर दुसरा रकाना होता आणि मी रेघ मारली. सगळं मुलांसमोर झालं. दुसरं कुठलं ठिकाण नव्हतं.

समितीची बाई वहीत लिहायची थांबली. सुधीर सर म्हणाले, "मॅडम, हे आत्ता बोलायचं असतं?" गृहस्थांनी शांतपणे सांगितलं की प्रवेशिकेत आता नाव घालता येत नाही. आहे तशी ठेवा नाहीतर मागे घ्या. मी मागे घेतली. तालुक्याचं प्रमाणपत्र सोमवारी पंचायत समितीत परत देणार आहे. तुला यातून काही मिळालं नाही, हे मला कळतं. तुझं नाव लागलं असतं तर बोलण्याला अर्थ होता. ती वेळ मी जूनमध्ये घालवली.

सगळे गेल्यावर मी गुणाबाईला सांगितलं की विद्युल्लता न सांगता गेली नव्हती. मी खोटं बोलले होते.

ती भांडी पुसत होती. "मना म्हाईत हाय. जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं येऊन रडली ती."

"मग मे महिन्यापासून तू ऐकून का घेतलंस?"

"तुमी आपनहून बोलाल म्हनून थांबले. लय येळ लावला, मॅडम."

घरी आले. शेजारच्या वहिनींनी विचारलं, कार्यक्रम कसा झाला. मी म्हटलं, छान झाला. कुलूप उघडून आत आले आणि साडी न बदलता तशीच बसून राहिले. तुला फोन लावायचा नाही हे ठरवलेलं आहे, म्हणून लावला नाही. तू दार बंद केलंयस, त्यावर सारखी टकटक करणं हाही एक हट्टच. ही पत्रंसुद्धा तसलीच. पण ती तुला न उघडता ठेवता येतात.

निवेदिता


भिवंडी
२५ जानेवारी २०२६, रविवार

विद्युल्लता,

१९ आणि २० तारखेला मी पडघ्याला प्रशिक्षणात होते. दोन दिवस हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात 'आनंददायी गणित' ऐकलं. बुधवारी शाळेत आले तर वर्ग माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होता.

मितेशला राहवेना. "मॅडम, धाकट्या मॅडम आलेल्या!"

"कधी?"

"मंगळवारी. दुपारपरेंत होत्या. आमच्यासंगं खिचडी खाल्ली."

मी हजेरीची वही उघडली आणि दोन नावं घेतली. मग विचारलं, "काय म्हणाल्या?"

"खेळ घेतला."

"माझ्याबद्दल काही विचारलं का?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मुलांना खोटं बोलायचं असतं तेव्हा ती लगेच बोलतात. मृणाली म्हणाली, "न्हाय. तुमचं न्हाय इचारलं."

पंढरी सरांनीही तेच सांगितलं. बाई आल्या, परवानगी मागितली, वर्ग घेतला, नमस्कार करून गेल्या. चिठ्ठी वगैरे काही नाही. गुणाबाईला तू मिठी मारलीस आणि आक्का कार्तिकात गेल्या असं सांगितलंस. मला ते गुणाबाईकडून कळलं. त्या गेल्या तेव्हा मी तुला वजाबाकीचं विचारत होते.

प्रशिक्षणाची यादी तालुक्याच्या ग्रुपवर आली होती. माझं नाव सतराव्या क्रमांकावर होतं. तू ते बघूनच दिवस निवडलास, एवढं गणित मला येतं. मी नाही हे माहीत होतं म्हणून तू आलीस. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा फार लागलं. चार दिवस मी त्याकडे बघत राहिले, आणि आता मला त्यात दुसरंही दिसतं. तू रजा टाकलीस, एसटी बदलून रिक्षाने आलीस आणि माझ्या वर्गाला नेमकं तेच शिकवून गेलीस जिथे मी या आठवड्यात अडणार होते. शंभरातून सात. सुट्या घरात काही नाही आणि शेजारच्या जुडीच्या घरातही काही नाही. तिथे काय करायचं ते मला येत नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं.

मला ते मृणालीने शिकवलं. तिने मला सुट्या घरात उभं केलं, स्वतः जुडीच्या घरात गेली आणि बघायला आलेल्या तनयाला शंभराच्या घरात ठेवलं. "आता मागा, मॅडम."

मी दारावर टकटक केली. "एक जुडी सोडा."

"माझ्याकडं न्हाय," मृणाली म्हणाली.

मी वळले तर तिने पदर ओढला. "जायाचं न्हाय! तुमी थांबायचं. माझ्याकडं नसली तर मी पलीकडनं आनते. तुमच्यासाठी मी मागते. धाकट्या मॅडमनं असं सांगितलं."

आणि ती गेली, तनयाच्या दारावर ठोकलं, दहा जुड्यांचा मोठा गठ्ठा घेऊन आली. तो तिने सोडला, नऊ जुड्या आपल्याकडे ठेवल्या, एकीची गाठ सोडून कांड्या माझ्या हातात दिल्या. गाठ पाच आकड्यांत सुटली. सुट्या कांड्या हातात घेऊन मी व्हरांड्यात उभी होते आणि चौदा मुलं मला ओरडून सांगत होती, सात द्या, सात द्या.

मी तुला काही मागणार नाही. खूण दोन झाली का हेही मी आता बघत नाही. एकच कळवायचं आहे. प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा १२ आणि १३ फेब्रुवारीला पडघ्यालाच आहे. यादी अजून लागलेली नाही, पण माझं नाव आहे, मी विचारून घेतलंय. मुलांना अजून दोनशेच्या पुढची वजाबाकी यायची आहे. कपाटाची किल्ली त्या दोन दिवसांसाठी गुणाबाईकडे ठेवते आहे. पंढरी सरांना सांगून ठेवलंय.

प्रशिक्षण पाचला सुटतं. मी तिथून परस्पर घरी जाईन. शाळेकडे येणार नाही.

निवेदिता